रंगाखालचा पत्रा

भिंगारच्या जरीना तांबोळी जुन्या बॉयलरची जाडी मोजतात. पत्र्याला जेल लावायचं, त्यावर नाण्याएवढा सेन्सर टेकवायचा, की आतून परत येणाऱ्या आवाजावरून किती मिलिमीटर पत्रा उरलाय ते पडद्यावर दिसतं. पुढचं काम कागदावर. वाफेचा दाब, टाकीचा व्यास, पोलादाची ताकद, वेल्डिंगचा दर्जा हे सगळं नियमातल्या सूत्रात घालून पत्रा कमीत कमी किती जाड हवा ते काढायचं. उरलेला त्याहून पातळ निघाला, तर त्या दाबावर बॉयलर चालवायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या पारनेर तालुक्यातल्या एका दूध प्रकल्पात दुसऱ्यांदा गेल्या. बॉयलर बत्तीस वर्षांचा. तो सांभाळणारे कानिफनाथ औटी निवृत्तीला आलेले. औटींनी बॉयलरच्या पोटाकडचं आवरण सोडून दिलं. जरीनांनी पॉलिश पेपरने रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला आणि मोजलं. ११.६.

हिशेबाने ११.९ हवा होता. आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनीच तिथे १२.४ लिहिला होता.

एवढी झीज होईल कशी? औटींची पाण्याच्या तपासणीची वही तर चोख होती. जरीनांनी वीतभर अंतरावर, न खरवडलेल्या रंगावरच सेन्सर टेकवला. १२.३. रंगातून आवाज सावकाश जातो, म्हणून रंगाचा पातळ थरही यंत्राला जाड पत्र्यासारखा दिसतो. तीन वर्षांपूर्वी त्या नुकत्याच एकट्याने कामं घ्यायला लागल्या होत्या. "दोन तासांत रिपोर्ट देते, साहेब," असं ऐटीत म्हणाल्या होत्या, आणि खरवडणं टाळलं होतं.

"काय झालं, ताई?" औटींनी विचारलं.

"काका, मागचा आकडा चुकीचा होता. मी रंगावरून मोजलं होतं."

"म्हंजी तवाच कमी हुता?"

"हो."

औटींनी दाबाच्या काट्यावर बोट ठेवलं. "अन् मी रोज साडेदहा किलोचा दाब धरला. माझी सून पलीकडंच पॅकिंगला हाय."

"सूत्रात थोडी जास्तीची सुरक्षितता धरलेली असते, काका," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मॅनेजर राधाकृष्ण लोंढेंनी केबिनचं दार लोटून घेतलं. "जुना रिपोर्ट राहू द्या. यंदा झीज जास्त झाली एवढंच लिहा. तुमचंही नाव राहील, आमचंही."

जरीनांनी पेन उघडलं. खरं सांगायचं तर पहिली ओळ त्यांनी तशीच लिहिली. मग त्यांच्या लक्षात आलं, झीज जास्त म्हणजे पाणी खराब, आणि पाणी बघणारे औटी. शेवटच्या वर्षात ठपका त्यांच्या माथी बसणार. जरीनांनी कागद फाडला आणि स्वतःची चूक लिहून एक प्रत प्रकल्पाला, एक बॉयलर निरीक्षकांना दिली. पुढची झीजही धरून नवा हिशेब झाला, दाब नऊ किलोवर आला. प्रकल्पाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. औटी त्या दिवशी फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परत वळले.

त्या पहिल्या वर्षात जरीनांनी असेच रंगावरून आणखी चौदा बॉयलर मोजले होते. त्या एकेका ठिकाणी जाऊन चूक सांगू लागल्या. काहींनी चहा दिला, काहींनी फाटकावरूनच परत पाठवायला पाहिलं. तेरा बॉयलर पुन्हा मोजून झाले. दोन ठिकाणी दाब कमी करावा लागला.

चौदावा अकोले तालुक्यातल्या एका भाताच्या गिरणीतला. गिरणी बंद, शेड रिकामी. मालक म्हणाला, "भंगारवाल्यानं नेला. पण चालू हुता ना, तुमचा रिपोर्टबी हुता. त्यानं म्हणे पुढं कुणाला तरी इकला."

"कुणाला?"

"ते काय म्हाईत न्हाई."

भंगारवाल्याचा मोबाईल बंद लागतो. निरीक्षकांच्या कार्यालयात त्यांनी अर्ज दिलाय, तिथेही त्या बॉयलरची नवी नोंद सापडलेली नाही. जरीना आता कापड रंगवणारे कारखाने, पोहा गिरण्या, लॉन्ड्र्या यांचे नंबर मिळवून फोन करतात, बॉयलरचा क्रमांक सांगतात. बहुतेक जण ऐकून घेतात आणि नाही म्हणतात.