भाऊजींची गाडी, आईची कवळी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, कवळ्या तयार करतात. दातांचे डॉक्टर वेगळे. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप घेतात आणि डब्यात घालून भाऊजींकडे पाठवतात. भाऊजी त्यावरून प्लास्टरचा साचा काढतात, मेणात दात रचतात, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरतात, उकळतात, घासतात, चकचकीत करतात आणि डबा परत धाडतात. आठ दिवसांत काम चोख. एकतीस वर्षांत त्यांनी काही हजार माणसांना पुन्हा चावायला लावलं असेल, पण त्यातल्या एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. कवळी बसली नाही, तर डॉक्टरांचा फोन येतो. फोन आला नाही, म्हणजे बसली.

हा झाला पोटापाण्याचा धंदा. जगतात ते कामाच्या खोलीमागच्या दुसऱ्या खोलीत, आणि तिथे गाडी आहे.

गाडी हातभर लांब. रिमोटवर चालणारी, चाळीसेक वर्षांपूर्वीची, माती-वाळूत उधळायला केलेली, म्हणून चाकं अंगापेक्षा मोठी. अकरा वर्षांपूर्वी भाऊजींनी ती भंगारवाल्याकडून उचलली, तेव्हा तिला तीनच चाकं होती आणि आत कोळ्याचं भरलं बिऱ्हाड होतं. ताईला वाटलं, दुरुस्त करतील, चार दिवस खेळतील आणि माळ्यावर टाकतील. लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, तरी बिचारीला नवरा कळला नव्हता.

भाऊजींनी आधी चौथं चाक ओतलं. ते इतकं देखणं झालं की उरलेली तीन त्याच्यापुढे गबाळी दिसायला लागली, म्हणून तीही नवी ओतली. नव्या चाकांना जुने शॉकअप शोभेनात. शॉकअप बदलले तर सांगाडा कुरकुरायला लागला. मग मोटर नवी, गिअर नवे. रंगाचे चौदा हात दिले, त्यातले सहा खरवडून काढले, कारण लाल रंगात 'थोडा उद्धटपणा' उतरला होता. सीटसाठी अस्सल कातडं हवं होतं. त्याच सुमारास ताईची पर्स हरवली. सीट पाहिल्यावर ती सापडली.

या असल्या माणसांचा फोनवर एक ग्रुप आहे. नाव स्नेहसंघ, पण स्नेह औषधालाही नाही. एक पंथ म्हणतो, जुनी गाडी कंपनीने केली तशीच ठेवावी, गंजासकट. दुसरा म्हणतो, मालकाने तिच्यात आपला जीव ओतावा. एका स्क्रूचं डोकं कसं असावं यावरून एक निवृत्त बँक मॅनेजर आणि एक ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की गाडी चालवायची नसते. चालवणं हा पोरखेळ. भाऊजींनाही हे मनापासून पटलं होतं. गाडीची बॅटरी कपाटात खोक्यातच होती, आणि कुणी विचारलंच तर ते म्हणत, "अजून पूर्ण कुठे झालीये?"

दर रविवारी सकाळी मी ताईकडे जायचो, तो थेट मागच्या खोलीत. भाऊजी भिंगाखाली काहीतरी कोरत असायचे. मी म्हणायचो, "वा!" तेही म्हणायचे, "वा ना?" असे आमचे गहन संवाद चालायचे.

अशात आईचे उरलेसुरले दात काढावे लागले. आई माझ्याकडे राहते, ताईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. अडतीस वर्षं तिने शाळेत भाषा शिकवली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, आणि उच्चारात चूक झाली तर पोस्टमनलाही सोडायची नाही. अशा बाईच्या तोंडातून 'शाळा' हा शब्दच नीट निघेना, तेव्हा तिने बोलणंच बंद केलं. बाहेरच्यांशी अजिबात नाही, घरात अगदीच अडलं तर. बाकी सगळं ती चिठ्ठ्यांवर लिहायची, शुद्ध आणि सुवाच्य. 'पंखा कमी कर.' खाली तारीख.

डॉक्टर म्हणाले, "जावई घरचेच आहेत, मग मी मध्ये कशाला? माप घेऊन देतो, पुढचं त्यांनी बघावं." डॉक्टरांना वाटलं, आपण उपकार केले. पण त्यामुळे झालं असं की, कुठे आहे कवळी, पेशंट खोळंबलाय, असं फोनवर ओरडणारं जगात कुणीच उरलं नाही.

भाऊजींनी काम मन लावून सुरू केलं. आईचे जुने फोटो मागवून घेतले. आठवड्याभरात दात मेणात रचून झाले. मग त्यांना पुढचा एक दात केसभर आत असावा असं वाटलं. आत नेल्यावर वाटलं, नको, बाहेरच बरा होता. मग रंगाची छटा. मग छटेतली छटा. गिऱ्हाइकाची कवळी आठ दिवसांत. सासूची मात्र तिसऱ्या महिन्यातही मेणातच. ताईने विचारलं की म्हणायचे, "परक्याला कशीही चालेल गं. या आई आहेत."

चौथ्या महिन्यात आईच्या शाळेतून पत्र आलं. जुनी इमारत पाडणार होते. त्याआधी रविवारी सकाळी माजी विद्यार्थी जमणार होते, आणि आईने चार शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा होती. आईने पत्र तीनदा वाचलं. मग भाषण लिहिलं, पाठ केलं, आणि आरशासमोर उभी राहून पहिलं वाक्य म्हणून पाहिलं. मी बाहेरून ऐकलं. मला एकही शब्द कळला नाही. बाहेर आल्यावर तिने मला चिठ्ठी दिली : 'कवळी नसेल तर मी जाणार नाही. शाळा पुन्हा पाडत नाहीत.'

शुक्रवारी ती स्वतः भाऊजींकडे गेली. मी बरोबर होतो. भाऊजी बाजारात गेले होते. ताईने कामाची खोली उघडून दिली. फळीवर आईची कवळी होती, मेणातच, वर धूळ. मग आई मागच्या खोलीत शिरली आणि गाडीपाशी थांबली.

गाडीत ड्रायव्हर होता. बोटभर उंचीचा, हेल्मेट घातलेला आणि हसरा. आईने चष्मा पुसला, टेबलावरचं भिंग उचललं आणि वाकून पाहिलं. ड्रायव्हरच्या तोंडात दात होते. वर आठ, खाली आठ, एकेक खसखशीएवढा, नीट घासलेला, हिरड्यासुद्धा गुलाबी ॲक्रिलिकच्या. मला ते ठाऊक होतं. भाऊजींना त्याला तीन आठवडे लागले होते, आणि मी 'वा' म्हटलं होतं.

आई सरळ झाली. चार महिन्यांत प्रथमच मोठ्यांदा बोलली. शब्द फुटके होते, पण अर्थ पुरेपूर होता. "याला दात आहेत?"

तिने कापडी पिशवी उघडली, गाडी उचलून आत ठेवली, वरून रिमोट आणि बॅटरीचं खोकं टाकलं. मग टेबलापाशी बसून चिठ्ठी लिहिली : 'गाडी माझ्याकडे सुखरूप आहे. कवळी द्यावी, गाडी न्यावी. मुदत रविवार सकाळी नऊ.' खाली सही आणि तारीख. ताई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "आई, पिशवी नीट धर, पडेल हां." अकरा वर्षांत तिला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

भाऊजींनी आल्यावर चिठ्ठी वाचली आणि भिंतीला टेकून उभे राहिले, असं ताई सांगते. फोन मात्र मलाच केला. "अहो, मेणातून बाहेर काढली की मग काही हलवता येत नाही. झालं ते झालं."

"मग होऊ दे ना," मी म्हणालो.

"तुम्हाला काय जातंय म्हणायला!" म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, गाडीसाठी जीव तुटतोय.

शनिवारी तिकडे मेण वितळत होतं, आणि इकडे आईने मला खूण करून बॅटरी चार्जिंगला लावायला सांगितली. मी म्हणालो, "आई, हे लोक गाडी चालवत नाहीत." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिसरीत गेलो. दुपारी तिने रिमोट हातात घेतला. गाडी किंचाळून सुटली, पॅसेजमधून सरळ स्वयंपाकघरात गेली, वळली, परत आली आणि कपाटाच्या पायावर धडकली. पुढच्या बंपरला तडा गेला. आईने मागे घेऊन पुन्हा सोडली. बॅटरी संपेपर्यंत, वीसेक मिनिटं, आमच्या घरात एक सत्तरीची बाई तोंड उघडं टाकून हसत होती.

रविवारी साडेआठला ताई डबा घेऊन आली, एकटीच. भाऊजी कुठे, विचारलं तर म्हणाली, "खाली जिन्यात उभे आहेत. वर येत नाहीत." मला वाटलं, रुसलेत. आईने डबा उघडला, पाण्यातून कवळी काढली आणि आम्हाला पाठ करून बसवली. मग ती म्हणाली, "शाळा." पुन्हा म्हणाली, "शाळा. सहावीचा वर्ग. सरस्वती." आणि पदर नीट करून निघाली.

ती पंचवीस मिनिटं बोलली. माइकची गरज नव्हती. मध्येच पहिल्या रांगेत कुजबुजणाऱ्या दोन टक्कल पडलेल्या विद्यार्थ्यांना तिने उभं केलं, आणि ते मुकाट उभे राहिले. भाऊजी शेवटच्या रांगेत बसले होते आणि तिच्या भाषणाकडे नाही, जबड्याकडे बघत होते. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांना टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

घरी आल्यावर आईने गाडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. "ही तुमची गाडी. बंपर तुटलाय. माझ्या हातून." भाऊजींनी बंपरकडे पाहिलंच नाही. गाडी उलटी केली, चाकांत गुंतलेला आमच्या पायपुसण्याचा दोरा काढला आणि हळूच विचारलं, "पळाली?"

"पळाली की! उजवीकडे जरा ओढते."

भाऊजी खुर्चीत बसले. गाडी मांडीवर. "मला वाटायचं, ही पळणार नाही," ते म्हणाले. "इतकं बदललं मी हिच्यात. बॅटरी जोडली आणि नुसती घुर्र करून बसली तर? म्हणून मग म्हणायचो, पूर्ण नाही झाली."

आई म्हणाली, "आणि कवळी?"

"तेच. आजवर मी केलेली कवळी कुणाच्या तोंडात पाहिलीच नव्हती, आई. तुमच्या तोंडात बसली नसती, तर रोज समोर दिसली असती."

मला त्यांची दया आली. ताईचे डोळे भरले. आईचं मात्र तसं काही झालं नाही. जावयाला ती अठ्ठावीस वर्षं 'अहो-जाहो' करत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "अरे, बसली नसती तर परत घासली असतीस! तुझ्या भीतीपायी मी चार महिने दुधात पाव बुडवून खाल्ला!"

भाऊजी खाली मान घालून बसले. मीही. त्या चार महिन्यांतल्या प्रत्येक रविवारी मी त्यांच्या खोलीत बसून गाडीचं कौतुक केलं होतं, आणि आईची कवळी कुठवर आली, हे एकदाही विचारलं नव्हतं.