आभारांची ओळ

आमच्या वनस्पती मंडळाच्या वार्षिक अंकाची संपादक मी झाले ती काही कोणी हौसेने निवडून दिलं म्हणून नव्हे. आधीचे संपादक मुलाकडे परगावी राहायला गेले, सभेत सगळे चहाच्या कपात बघत बसले, आणि मी वीज खात्यातून निवृत्त, म्हणजे रिकामीच, असं परस्पर ठरलं. पार्सेहून पणजीला बैठकीला जायचं तर बस बदलत जा, उन्हात तापत परत या. अध्यक्षही असेच झालेले: डिचोलीचे निवृत्त मुख्याध्यापक, हाडाचे सज्जन. त्यांच्या सज्जनपणाचा मला भारी वैताग यायचा.

मंडळाची एक जुनी रीत होती. ज्याच्या जमिनीत झाड पाहिलं, त्याचे लेखाखाली आभार मानायचे. लोक फाटक उघडतात, शहाळं सोलून देतात, तर निदान एक ओळ तरी.

त्या वर्षी पाळी गावच्या एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला तिच्या सुपारीच्या कुळागरामागची रानवेल दाखवली. शेजारची खाण चालू होती तोवर धुळीने वेलीला फळच धरत नव्हतं. खाण थांबली आणि वेल हिरव्या घोसांनी लगडली. बाई सिंधुदुर्गातून सून होऊन आलेली, बोलणं अजून तिकडचंच. "फळां पिकान पडांदेत, बी रुजांदे," ती म्हणाली. "मगे तुमका रोपां देतंय." आसपास दुसरी वेल उरलेली नव्हती. जे काय वाढायचं ते त्या बियांतूनच.

आमचा अंक चतुर्थीच्या आधी निघतो. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात: लाकडी चौकट, आणि तिला टांगलेली रानातली फळं-फुलं. आता तिच्याही स्पर्धा असतात, दुर्मीळ फळाला जास्त गुण. मग काय, लोक रान विंचरून काढतात! म्हणून मी वेलीवरच्या लेखातून गाव काढलं, ओढा काढला, देऊळ काढलं. फोटोतली विहीरसुद्धा कापली.

आभारांची ओळही काढली होती. ती अध्यक्षांनी पुन्हा घातली. बाईचं नाव, वाडा, गाव, सगळं.

"सर, हा पत्ता झाला," मी म्हटलं.

"बाई, तिने आपल्याला घरात घेतलं. तिचं नाव गाळणं कृतघ्नपणाचं होईल."

"मग घरी जाऊन माना की आभार. छापायचे कशाला?"

"आपले वाचक झाडांवर प्रेम करणारे आहेत."

प्रेम कसलं, कपाळ! शेवटचा शब्द अध्यक्षांचा. अंक छापून घरोघर गेला.

चतुर्थीत एका स्पर्धेला परीक्षक म्हणून आम्हा दोघांनाच बोलावलं. पेडण्यातल्या एका घरी माटोळीच्या मधोमध तेच घोस लटकत होते, कच्चे. यजमान हौसेने आमचा अंक घेऊन आले. "तुमच्यामुळे सापडलं हो, सर! उंचावर होतं, हात पोचेना. मग वेल खालूनच कापून ओढून घेतली." वर नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी पुढे केली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. अध्यक्षांनी मान खाली घालून गुणांचा कागद भरला. दुर्मीळ फळाचे गुण नियमाप्रमाणे दिले.

चतुर्थी उलटल्यावर आम्ही पाळीला गेलो. बाई ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसली होती. ओरडेल, हाकलेल, असं वाटलं होतं. तिने चहा ठेवला. वेल गेल्याचं तिला आमच्या आधीच कळलं होतं. मागच्या बाजूला गेलो, तर आंब्यावर कापलेल्या वेलीचे वाळके शेंडे तेवढे अडकलेले.

अध्यक्ष बाईकडे वळले. म्हणाले, "चूक आमची. पुढच्या अंकात तुमची जाहीर माफी मागतो. पहिल्याच पानावर."

बाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नको ओ, सर," ती म्हणाली. "मूळ अजून जमिनीत असा. माफी छापून इली, तर ता खणूक लोक येतले."