ही आग आमची नाही

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे फॉरेस्ट ऑफिस. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मधलं दार नीट लागत नाही. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. मी अभ्यासाला बसते आणि ते दाराच्या फटीतून आत येतात. चारचौघांत मला सांगता येत नाहीत, म्हणून बरेच साठले आहेत.

बाबा वनपाल आहेत. बेलापूरच्या मागच्या डोंगरावर त्यांनी साग आणि खैराचं रोपवन लावलंय. याआधी ते दोनदा वणव्यात गेलं. "तिसऱ्यांदा गेलं तर चंद्रपूर," असं ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी बजावलं होतं. बदलीला बाबांची फारशी हरकत नव्हती. माझी होती. या शाळेत एक मैत्रीण करायला मला दोन वर्षं लागली होती. तिचं नाव नीता साठे. हे सगळं मी नववीत असतानाचं.

०००

वणवा रोपवनात शिरू नये म्हणून थंडीतच त्याच्याभोवती गवताचा एक पट्टा जाळून टाकतात. मग वणवा आला तरी पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथेच थांबतो. या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. मला हे सगळं माहीत होतं. पण वर्गात बाईंनी "वडील काय करतात?" असं विचारलं, तेव्हा एवढं लांब उत्तर मला झेपण्यासारखं नव्हतं.

"डोंगर जाळतात," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "आणि पोट कशावर चालतं?"

"त्याचाच पगार मिळतो."

०००

बाबांचा एक नियम कडक होता. डोंगरावर काडेपेटी न्यायची नाही. सापडली तर समज. खात्यात 'समज' म्हणजे कागदावर रागावणं.

जाळरेषेचा पहिला दिवस उजाडला. गवतावर दव होतं, वारा पडलेला होता. सगळे वर चढले. कोयते होते, फावडी होती, आग झोडपायला ओल्या फांद्या होत्या, पाण्याची मडकी होती.

बाबा म्हणाले, "काडेपेटी कोणाकडे आहे?"

सगळ्यांना वाटलं, साहेब परीक्षा घेतायत.

"अरे, खरंच विचारतोय. पेटवायचं कशानं?"

बऱ्याच वेळानं हसुराममामांनी टोपी काढली. मामा खालच्या गावचे, ऑफिसचे जुने वनमजूर. टोपीत काडेपेटी होती.

"ही बिडीची नाय, साहेब. देवाची हाय. उदबत्तीची."

मग बाकीच्यांकडेही देवाच्या निघाल्या. बाबांनी एक वापरली आणि उरलेल्या जप्त केल्या.

०००

साठेकाका म्हणजे नीताचे बाबा. समोरच्या नव्या बिल्डिंगच्या सोसायटीचे सेक्रेटरी. दादरची जागा सोडून ते मोकळ्या हवेसाठी इकडे राहायला आले होते. त्याच संध्याकाळी ते ऑफिसात आले. हातात काकूंची पांढरी साडी, साडीवर राख.

"फॉरेस्टरसाहेब, हे काय आहे?"

"गवताची राख आहे," बाबा म्हणाले. "जानेवारीत एवढीशी पडू द्या, नाहीतर एप्रिलमध्ये अख्ख्या डोंगराची पडेल. कोणती चालेल सांगा."

साठेकाकांनी खरोखर विचार केला.

"फेब्रुवारीत काही नसतं का?"

०००

दुसऱ्या दिवशी धूर दिसताच त्यांनी बंबाला फोन केला. बिल्डिंगमध्ये फोन एकच, त्यांच्याकडे. वसाहतीला नवाकोरा बंब मिळाला होता आणि आग अशी अजून कुठे लागलीच नव्हती. तो घंटा वाजवत आला. माणसं तर इतकी उत्साहात होती की बंब थांबायच्या आधीच उतरली.

बाबा आडवे गेले. "अहो, विझवू नका! आम्हीच लावलीय."

"कॉल आलाय ना. कॉल आला की विझवावं लागतं."

"मग आम्ही परत लावू."

"लावा की. परत कॉल येईल."

रस्त्याजवळचा शेवटचा तुकडा न जळता भिजून गेला. बाबांनी भांडून भांडून त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की यापुढे डोंगरावर धूर दिसला तरी फॉरेस्ट ऑफिसानं बोलावल्याशिवाय बंब येणार नाही.

०००

तो तुकडा वाळायच्या आत मोठे साहेब तपासणीला आले आणि थेट काळ्या पट्ट्यावर जाऊन उभे राहिले.

"हे कोणी जाळलं?"

"आपण, साहेब. जाळरेषा आहे."

"राखीव जंगलात आग लावायला सक्त मनाई आहे. परिपत्रक मिळालं नाही?"

"मिळालं. जाळरेषा वेळेत जाळा, हेही मिळालं. दोन्हीवर आपलीच सही आहे."

साहेबांनी दोन्ही कागद मागवून वाचले. सही त्यांचीच होती.

"चौकशी लावतो," साहेब म्हणाले. "तोपर्यंत जाळणं बंद."

चौकशी काही संपली नाही. तुकड्यावरचं गवत वाळून पिवळं झालं. बाबा रोज सकाळी त्याच्याकडे बघत चहा प्यायचे.

०००

लोकांना समजावून सांगितलेलं बरं, म्हणून बाबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाळरेषेवर भाषण केलं. मी तक्ता धरून उभी होते. तक्ता मोठा होता, त्यामागे मी दिसत नव्हते, त्यामुळे मला काही त्रास झाला नाही.

साठेकाकांना सगळं पटलं. जरा जास्तच पटलं. ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "धूर दिसला तर घाबरायचं नाही. तो कंट्रोल्ड असतो."

नीता म्हणाली, "काल आमच्याकडे दूध उतू गेलं. पप्पा म्हणाले, कंट्रोल्ड आहे."

०००

एप्रिलमध्ये माझा शेवटचा पेपर होता. बाबा ठाण्याला गेले होते, वणवा प्रतिबंधाच्या मीटिंगला. दुपारी मी नीताबरोबर तिच्या घरी गेले तर अख्खी बिल्डिंग गच्चीवर. खुर्च्या मांडलेल्या, कोकम सरबत फिरतंय. समोर डोंगराच्या माथ्यावरून आग खाली येत होती.

"काका, ही आग आमची नाही," मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हणाले.

"घाबरायचं नाही, बाळ," साठेकाका म्हणाले. "ते बघ, हसुराम पण आहे. कसं शिस्तीत चाललंय."

हसुराममामा आणि मजूर जिवाच्या आकांतानं फांद्या आपटत होते. धावपळीत मामांच्या डोक्यावर टोपीही राहिली नव्हती.

आग जाळरेषेपाशी आली आणि थांबली. गच्चीवर टाळ्या पडल्या. मग ती रेषेच्या कडेकडेनं रस्त्याच्या बाजूला सरकू लागली, त्या पिवळ्या तुकड्याकडे. तिथून आत शिरली की चंद्रपूर.

मी नीताला ओढत खाली त्यांच्या घरात नेलं. फोनच्या डायलला कुलूप होतं. किल्ली साबुदाण्याच्या डब्यात असते, हे नीताला ठाऊक होतं. मी बंबाचा नंबर फिरवला.

"डोंगरावर यायचं नाही असं ठरलंय," पलीकडचे म्हणाले. "फॉरेस्ट ऑफिसानं बोलवायला लागतं."

"मी फॉरेस्ट ऑफिस बोलतेय."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोलले. नीता सांगते, ते गच्चीवर ऐकू गेलं.

पलीकडच्यांनी खात्री करून घेतली. "म्हणजे या वेळी विझवायचीच ना? नंतर भांडण नको."

"विझवायचीच."

बंबानं तो तुकडा दुसऱ्यांदा भिजवला. कडेची थोडी रोपं करपली. बाकीची उभी राहिली.

संध्याकाळी बाबा एसटीतून उतरले आणि रस्त्यातच थांबले. सगळा डोंगर काळा, मधोमध रोपवन शाबूत. साठेकाका खाली धावत आले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला.

"फॉरेस्टरसाहेब, आजचा जाळ सगळ्यात सुंदर झाला. फक्त शेवटी तुमची मुलगी घाबरली, तिनं बंब बोलावला आणि मजा घालवली."

बाबांनी डोंगराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"समज देतो तिला," बाबा म्हणाले.