चवीचा रकाना

दर रविवारी सकाळी मी शहरातल्या एका नव्या हॉटेलात मिसळ खातो आणि वहीत चवीला गुण देतो. परवा गर्दी इतकी होती की मालकांनी मला एका वयस्कर जोडप्याच्या टेबलावर बसवलं. मिसळ आली आणि मी वाटीभर रस्सा एकदम ओतला.

समोरच्या काकू कळवळल्या. "अहो, सगळा कशाला ओतलात? फरसाण मऊ पडेल."

"मऊच पडायला हवं," काका म्हणाले. "चाळीस वर्षं हेच सांगतोय हिला."

"आणि चाळीस वर्षं लगदा खाताय," म्हणत काकूंनी आपल्या वाटीतलं कोरडं फरसाण माझ्या मिसळीवर घातलं. ते कोरडं दिसताच काकांनी आपला रस्सा त्यावर ओतला. मला कुणी विचारलंच नाही.

एकटा खाणारा माणूस चवीकडे फार लक्ष देतो, कारण लक्ष द्यायला टेबलावर दुसरं कुणी नसतं. माझ्या ताटात असं न विचारता कुणी वाढल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. त्या दोघांचं भांडण मिटेपर्यंत मी पाच पाव खाल्ले.

घरी येऊन वही उघडली. मिसळ कशी होती, ते काही केल्या आठवेना. चवीच्या रकान्यात मी दहापैकी दहा लिहिले.