गुळाचा खडा

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी शहराच्या पाणी खात्यात कारकून होतो. कळंब्याच्या पलीकडच्या एका गावाच्या तळ्यातून शहराला पाणी घ्यायचं चाललं होतं. कराराच्या बोलणीसाठी साहेबांबरोबर मी चार वेळा त्या गावी गेलो.

गावाच्या वतीनं एक म्हातारे गृहस्थ बोलायचे. आम्ही चावडीत शिरलो की आधी हातावर गुळाचा खडा, मग तांब्याभर पाणी. आमचं पिऊन होईपर्यंत ते स्वतः बसायचे नाहीत.

शेवटच्या बैठकीत मी मसुदा वाचला. उन्हाळ्यात तळं आटलं तर आधी गावाला पाणी, मग शहराला, असं एक कलम मी घातलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते खोडा की! पावण्याला पाणी देताना कोण लिवून घेतंय व्हय?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. शहर म्हणजे पावणा नव्हे, हे मी म्हाताऱ्यांना सांगायला हवं होतं. मला बस गाठायची होती. मी खोडलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात तळं आटत आलं, तरी शहराचा पंप चालूच होता. पातळी मोजायला मला पाठवलं. चावडीत म्हातारे उठून उभे राहिले. माझ्या हातावर गूळ ठेवून ते सवयीनं तांब्याकडे वळले आणि तिथंच थांबले. तांब्या उपडा होता.

"आज नुसता गूळच खावा, पावणं," ते खाली बघत म्हणाले.

त्या कलमाचं त्यांनी नावही काढलं नाही. काढलं असतं, तर तो गूळ मला गिळता आला असता.