चार मोजून बोलणारा सर

सरला चहा विचारला तरी तो आधी चार मोजायचा. उजव्या हाताचा अंगठा करंगळीपासून एकेका बोटाला लावत तर्जनीपर्यंत यायचा आणि मगच तोंडातून "घेतो" निघायचं. आदिलाबादच्या चौकातल्या चहावाल्या अन्नाला हे इतकं सवयीचं झालं होतं की सरचा अंगठा तिसऱ्या बोटावर गेला की तो कपात ओतायला लागायचा. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, चायले बी चार मोजतो काऊन बे?" तर या प्रश्नालाही त्यानं चार मोजले आणि म्हणाला, "घाईत हो मनलं का मंग ते निस्तरा लागते, भाऊ."

सर म्हणजे आमच्या बँडचा बेस गिटारवाला. इंद्रवेल्लीकडच्या एका सरकारी शाळेत मराठी शिकवायचा, म्हणून सर. वयानं माझ्याएवढाच, त्यामुळे नाव आदराचं आणि पुढे सरळ अरे-तुरे. मी कचेरीत कारकून, पण बँडमध्ये गायक, गाणी लिहिणारा आणि पोस्टरवर मधोमध उभा राहणारा. सर कडेला, अर्धा ड्रमच्या आड. ही मांडणी मला फार पसंत होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

पहिला अल्बम माझा. आठही गाणी नाचायची. मुधोळपासून मंचेरियलपर्यंत त्यांच्याशिवाय वरात निघेना. एका लग्नात तर नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला आणि सासऱ्यानं मला गर्दीतून शोधून हार घातला. सर तेव्हा मागे वायरी गुंडाळत होता. त्यालाही एखादा हार घालावा असं माझ्या मनात आलं नाही.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी सरनं दप्तरातून शाळेची वही काढली. आत त्याची सात गाणी होती. सगळी त्याच्या वडिलांवर. वडील मंचेरियलला कोळशाच्या खाणीत होते. निवृत्त होऊन घरी आले आणि हळूहळू बोलायचेच थांबले. सकाळी अंगणात खुर्ची टाकायची, उन्हाकडे पाठ करून बसायचं, बस्स. मी वही वाचली आणि दोन दिवस परतच केली नाही. गाणी वाईट असती तर तिथल्या तिथे केली असती.

माझ्या काकांच्या कापसाच्या रिकाम्या गोदामात भिंतींना गोधड्या टांगून आम्ही ती गाणी ध्वनिमुद्रित केली. आधी मी गाऊन पाहिलं. माझ्या गळ्यातून त्यांचीही वरात निघायला लागली. शेवटी सरच गायला, त्या घोगऱ्या, मास्तरी आवाजात. चौथ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वडील कित्येक महिन्यांनी तोंड उघडतात आणि एवढंच विचारतात, "जेवला का रे?" त्या ओळीवर सरचा आवाज तीनदा फुटला. मग त्यानं चार मोजले आणि म्हणाला, "हे कडवं कापा." कापलं. त्या कडव्याबद्दल बँडमधल्या आम्हा चौघांशिवाय कोणाला काही माहीत नव्हतं.

गावात अल्बम आपटला, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. अन्नानं दुकानात लावला तर गिऱ्हाईक विचारायचं, "कोन गेलं?" पण बाहेर भलतंच घडलं. हैदराबादच्या एका इंग्रजी पेपरानं अर्धं पान दिलं. पुण्याच्या कुणा समीक्षकानं लिहिलं की पहिला अल्बम पोरकट होता, या बँडला आता कुठे स्वतःचा आवाज सापडला. आवाज म्हणे सापडला! इतकी वर्षं माईकसमोर काय मांजर ओरडत होतं? "परिपक्व" हा शब्द त्या महिन्यात मी इतक्यांदा वाचला की पपई खायची सोडून दिली.

आणि या सगळ्यात सर मला एकच विचारायचा. "लोकायचं जाऊ दे. तुले कसा वाटला?"

"बरा हाय," मी म्हणायचो. तो जरा वेळ थांबायचा, पुढे काहीतरी येईल म्हणून. मी गाडीला किक मारायचो.

एका रविवारी दार लावून मी त्या अल्बमचं परीक्षण लिहिलं. खाली नाव टाकलं, "एक श्रोता". सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका साप्ताहिकाला पाठवलं, त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. काय काय लिहिलं नव्हतं! दुःखाचं दुकान मांडलंय, बेस फारच पुढे आलाय, गाणारा नाकातून गातो. आणि लिहिण्याच्या भरात हेही लिहून गेलो, की चौथं गाणं अर्धवट सोडलंय, शेवटचं कडवं घाबरून गाळल्यामुळे ते लंगडतं.

मला वाटलं होतं सर खचेल. सरनं ते कात्रण गिटारच्या पेटीत आतून चिकटवलं. इंग्रजी अर्धं पान पेटीत नाही, माझं विष पेटीत! मी विचारलं तर चार मोजून म्हणाला, "बाकीच्यायनं कवतिक केलं. यानं आयकलं. मन लावून आयकून राह्यला हा मानूस." त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात तो शेवटचं कडवं गायला लागला. "जेवला का रे" आलं की आवाज फुटायचा. आता तो फुटू द्यायचा. लोक उठून पुढे येऊन ऐकायचे. एकदा अन्नानंही दुकान सोडून ऐकलं आणि डोळे पुसत म्हणाला, "हे पैले काऊन नाई गायलं?"

माझी अवस्था मात्र विचारू नका. सरचा हेवा होताच, आता त्या "एक श्रोता"चाही वाटायला लागला. सर त्याच्याबद्दल ज्या मायेनं बोलायचा तसं माझ्याबद्दल कधी बोलला नव्हता. आपल्याच खोट्या नावावर जळणारा माणूस आदिलाबाद जिल्ह्यात मी एकटाच असेन.

तीन वर्षांनी सर पुण्याला निघाला. तिथल्या एका मोठ्या बँडनं बोलावलं होतं, शाळेतून त्यानं लांबची बिनपगारी रजा घेतली होती. मला कोणी बोलावलं नव्हतं. दुपारच्या गाडीला पोचवायला गेलो. त्यानं ती पेटी बाकावर ठेवली, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सर, ते कात्रन... ते मी लिवलं होतं."

त्यानं चार मोजले नाहीत.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. लगेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "कापलेलं कडवं बाहेरच्याले कसं मालूम राहीन? छापून आलं त्याच दिवशी वळखलं."

"मंग बोलला काऊन नाई?"

आता मात्र अंगठा करंगळीवर गेला. चार झाले. "तुले वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. "आन तुहं बरोबर होतं ना. गानं लंगडतच होतं." गाडी हलली तेव्हा तो दारात उभा राहून ओरडला, "भाऊ, कसा वाटला ते अजून सांगतलं नाई तू!"

मी हात हलवला. डबा पुढे गेला. उत्तर राहून गेलं, आणि मी तर चार मोजणाऱ्यांतलाही नाही.

आता त्याचा नवा अल्बम येतो, लोक वाखाणतात, आणि मी कचेरीत टेबलाखाली मोबाईल धरून ते सगळं वाचतो. जळायचं म्हणून वाचतो. तो फोन करतो तेव्हा शाळेचं, अन्नाचं, वडिलांचं विचारतो. तो प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. म्हणून इथे लिहून टाकतो. सर, तुझा तो अल्बम चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, आणि ते मला वही वाचली त्याच दिवशी कळलं होतं. हे लिहिताना अजूनही पोटात दुखतंय. पण या वेळी खाली माझं खरं नाव घालतोय.