शेंदराखालचा नंबर

“मिस्तरी, ही निजामाची रोल्स. पोलीस ॲक्शननंतर आमच्या वडिलांना, आप्पासाहेबांना मिळाली, आता माझ्याकडं आली.” बिडकीनच्या नानासाहेबांनी कडब्याच्या शेडमधल्या मोटारीवरची ताडपत्री ओढली.

भिकनने आधी चाक पाहिलं. मग मागची सीट पाहिली.

“निजाम ह्यात बसला असता तर गुडघे कानाला लागले असते,” तो म्हणाला.

नानासाहेब हसले नाहीत. दसऱ्याला शहरात जुन्या मोटारींचं प्रदर्शन होतं. त्यांनी तिथे ‘निजामाची रोल्स’ म्हणून नाव देऊनही टाकलं होतं.

भिकनचा बाप अजिंठ्याच्या डोंगरात मेंढरं घेऊन फिरला. भिकन मेंढरांमागे गेला नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो एकतीस वर्षं फिटर होता. अंदाजाने काम करणाऱ्याला तो कामगार म्हणत नसे. निवृत्त झाल्यावरही या मोटारीसाठी तो रोज सकाळी सातच्या बसने शहरातून बिडकीनला यायचा, कारण कामाला आठ म्हणजे आठ.

इंजिन जाम होतं. भिकनने प्लग काढून आत रॉकेल आणि तेल सोडलं. मोटारीच्या नाकात लोखंडी हँडल घातलं आणि जोर लावला. हललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा जोर. हातोडा मारला असता तर एका दिवसात काहीतरी हललं असतं आणि काहीतरी मोडलं असतं. एकोणिसाव्या दिवशी हँडल अंगठाभर सरकलं. सत्ताविसाव्या दिवशी पूर्ण फिरलं. त्या दिवशी भिकनने जेवणाचा डबा उघडायला घेतला तर बोटं मिटत नव्हती.

मग त्याने इंजिनाचं डोकं उघडलं. मधलं गॅसकेट जळून त्याचा पापुद्रा झाला होता. ते नवं मिळाल्याशिवाय इंजिन एक ठोका देणार नव्हतं. गुलमंडीतल्या ओळखीच्या दुकानदाराने पुण्याच्या एका जुन्या पार्टवाल्याचा फोन नंबर दिला.

“गाडी कुठली?” पार्टवाल्याने विचारलं.

“रोल्स नाही, एवढं नक्की.”

“मग नंबर सांगा. अंदाजाने मी खिळाही पाठवत नाही.”

माणूस भिकनला लगेच आवडला. पण नंबर कुठे होता? इंजिनामागच्या पत्र्यावर एक पाटी असणार हे त्याला ठाऊक होतं. तिथे पाटी नव्हती. शेंदराचा गोळा होता, तळहाताएवढा रुंद आणि दोन बोटं जाड. नानासाहेबांची आई साळूबाई दर दसऱ्याला तिथे तेल-शेंदूर लावत आली होती, साठेक वर्षं.

भिकनने रॉकेलचं फडकं उचललं तशी म्हातारी ओसरीवरून ओरडली, “हात काढ तिथला! कवच हाय ते. देवाचं कवच कुणी खरवडतं व्हय?”

“आक्का, त्याच्याखाली नंबर हाय.”

“असू दे. कवच आपोआप गळतं.”

“कधी गळंल?”

“त्याच्या मनात येईल तवा.”

भिकनने फडकं जमिनीवर आपटलं. इंजिनाला तेल सिलिंडरमध्ये लागतं. या घराने साठ वर्षं ते पत्र्याला लावलं होतं, आणि आत पिस्टन कोरडे मरत होते. त्याने तसं बोलूनही दाखवलं. म्हातारीने त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

बारा दिवस असेच गेले. भिकन येई, हँडल फिरवी, इंजिन पुन्हा जाम होऊ नये म्हणून तेल घाली आणि परत जाई. दसऱ्याला अठरा दिवस उरले तेव्हा नानासाहेब म्हणाले, “मिस्तरी, सोडा आता. मी जीपचं डिझेल इंजिन पाहिलंय. आपला वेल्डर दोन दिवसात बसवतो. हे भंगारात देऊन टाकू. आत काय हाय ते कोण बघतं?”

“मी बघतो.”

“तुम्हाला काय फरक पडतो?”

भिकन उठला. “सत्तावीस दिवस ह्या हँडलला लोंबकळलो, नानासाहेब. डिझेलचा दणका ह्या चौकटीला झेपायचा नाय. दोन वर्षात तडे जातील. गाडी मेली तर चालंल, पण रुबाब पायजे. असंच ना?”

“आवाज खाली.”

“नाय करत खाली.”

त्या आवाजाने साळूबाई बाहेर आली. “काय भंगारात देतो रं, नाना?”

“काही नाय आई. ह्याचं जुनं इंजिन.”

म्हातारी मोटारीपाशी आली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. “तू कुठं जन्मलास, ठाव हाय का तुला?”

“शहरात. दवाखान्यात.”

“दवाखाना गाठलाच नाय. दोन दिवस आडले होते मी. इथं डाक्टर व्हते, करीमुद्दीन. त्यांनी मला ह्या मागल्या सीटवर टाकलं आन् निघाले. चितेगावच्या म्होरं तू झालास, चालत्या गाडीत. डाक्टरनी इंजिन बंद केलं नाय, म्हणाले, बंद पडलं तर दोघं जाल. पुढं ते हैदराबादला निघाले तवा मोटार तुज्या बापाला दिऊन गेले. म्हणून लावते शेंदूर. कुठला आलाय निजाम?”

“पण आप्पासाहेब तर...”

“त्यांना मोठं सांगायची हौस. मला कुणी इचारलं?”

भिकनचा राग मात्र उतरला नव्हता. बारा दिवस वाया गेले होते आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगता आली असती.

साळूबाईने नारळ मागवला, फोडला, हात जोडले. मग स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन आली. “इंजिन ऱ्हायला पायजे. मी लावला, मीच काढते. तू हात लावू नगंस.” तिने कडेने उलथनं घातलं. शेंदराचा अख्खा गोळा एका ढलप्यात सुटून तिच्या पदरात पडला.

खाली पितळी पाटी होती. तेल-शेंदराने तिला डाग पडू दिला नव्हता. मॉरिस एट. खाली नंबर, प्रत्येक आकडा स्वच्छ.

“आई,” नानासाहेब हळूच म्हणाले, “प्रदर्शन होईपर्यंत परत लाव की शेंदूर.”

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुण्याच्या पार्टवाल्याने नंबर ऐकताच साल सांगितलं, छत्तीस. आठव्या दिवशी गॅसकेट आलं. भिकनने ते बसवलं, बोल्ट मधून कडेकडे तीन फेऱ्यांत आवळले. इंजिन नवव्या फिरकीला लागलं. शिलाई मशीनसारखा आवाज. साळूबाई ओसरीवर बसून ऐकत होती. तिने पदर डोळ्याला लावला तेव्हा भिकन मुद्दाम पाना पुसत बसला.

दसऱ्याच्या सकाळी तो आला तेव्हा मोटारीला झेंडूचा हार होता. आणि पुढच्या जाळीवर पत्र्याचा रंगवलेला बोर्ड : ‘निजाम सरकारची रोल्स’.

सेल्फ कधीच जळालेला होता, मोटार हँडलशिवाय सुरू होत नव्हती. त्याने सीटखालचं हँडल काढलं, पिशवीत घातलं आणि सरळ स्टँडकडे चालू लागला.

बस यायला वेळ होता. नानासाहेब पांढऱ्या कपड्यांत धापा टाकत आले. लोक बघत होते.

“मिस्तरी, हँडल द्या. प्रदर्शनाला उशीर होतोय.”

“बोर्ड काढा.”

“अहो, नाव दिलंय मी. लोक काय म्हणतील?”

“चालत्या इंजिनावर जन्मलेला माणूस भाड्याचा निजाम कशाला मिरवतोय, म्हणतील.”

नानासाहेब तसेच वळले. बस आली, थांबली, गेली. भिकन चढला नाही. अर्ध्या तासाने ते पुन्हा आले. हातात बोर्ड होता, बोटाला पाना लागून रक्त आलं होतं. काढायचं काम त्यांनी स्वतः केलं होतं.

भिकन त्यांच्याबरोबर परत गेला. हँडल घालायच्या आधी वाकून त्याने जाळी पाहिली. आठ दिवस घासून सरळ केलेली जाळी.

“चार भोकं पाडलीत,” तो म्हणाला. “ती कोण बुजवणार?”